बंद केलं की गेलं

रेक्टरबाई दार वाजवल्याशिवाय कुठल्याच खोलीत जात नसत. दार सताड उघडं असलं तरी वाजवायच्या. माझ्या स्वयंपाकघराला तर दारच नव्हतं, नुसती चौकट. त्या चौकटीवर बोटाने टकटक करायच्या आणि विचारायच्या, "मावशी, येऊ का?" पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतायत. मी म्हटलं, "बाई, इथल्या कांद्यांना लाज नाही आणि मला वेळ नाही, या आत." त्या आल्या, पण हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारायची सवय मोडली की मोडते, म्हणून."

नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह ते. वर खोल्या, खाली ऑफिस, जेवणाची खोली, वाचनाची खोली आणि मागे माझं राज्य. नर्सा, दुकानात उभ्या राहणाऱ्या, दिवसभर टेलिफोनवर दुसऱ्यांच्या शिव्या ऐकणाऱ्या, दोन शिक्षिका. बऱ्याच जणी घरच्यांशी वाजल्यामुळे आलेल्या. मालकी एका समितीची. समितीत सगळे प्रतिष्ठित पुरुष, आणि त्या सगळ्यांच्या वतीने विचार करायचं काम सेक्रेटरीसाहेबांकडे. त्यांचं बाजारात फ्रिज-पंख्यांचं मोठं दुकान होतं. दर महिन्याला वसतिगृहात येऊन ते नळ उघडून बघायचे, माझ्या डब्यांची झाकणं उचलायचे आणि "छान, छान" म्हणून जायचे. मला त्या 'छान'ची तिडीक होती.

रेक्टरबाईंना हे दार वाजवायचं वेड कुठून लागलं ते मला खूप उशिरा कळलं. एकदा भाजी निवडत बसलो होतो तेव्हा आपणहून बोलल्या. त्यांच्या माहेरी टपाल आलं की वडील आधी फोडायचे, वाचायचे आणि मग ज्याचं त्याला द्यायचे. मैत्रिणीचं पत्रसुद्धा. लग्नानंतर तेच काम सासऱ्यांनी केलं, आणि सासऱ्यांनंतर नवऱ्याने. "मावशी, माझ्या नावाचं पहिलं बंद पाकीट मला चाळिशीत मिळालं," त्या म्हणाल्या. "इथे नोकरीला लागले तेव्हा. ते विजेचं बिल होतं. तरी मी ते खोलीत जाऊन, कडी लावून उघडलं."

वाचनाच्या खोलीत दोन कॉम्प्युटर होते, सगळ्या जणींमध्ये मिळून. ते आले तेव्हा बाईंनी जेवढा घोळ घातला तेवढा कोणी मुलीच्या लग्नात घालत नाही. ब्राउझर कुठला घ्यायचा, हा घोळ. ब्राउझर म्हणजे काय ते मला त्यांनीच सांगितलं. इंटरनेटवर जायचं दार म्हणे. मी म्हटलं, "अहो, दार म्हणजे दार. त्यात निवडायचं काय एवढं? उघडलं, गेलं."

"काही दारं कोण आलं, कोण गेलं, कशासाठी गेलं ते लिहून ठेवतात, मावशी. आणि विकतात."

मेकॅनिकला बोलावून त्यांनी तासन्‌तास विचारलं. तो बिचारा चहावर चहा पीत उत्तरं देत होता. एक ब्राउझर फुकट, वाऱ्यासारखा पळणारा, सगळं जग तोच वापरतं. पण तो बनवणाऱ्यांचा धंदाच मुळी जाहिरातींचा. दुसरा चांगल्या लोकांनी चांगल्या हेतूने केलेला, पण त्यांची चूल पेटते ती बरीचशी त्या पहिल्याच्याच पैशावर. तिसरा म्हणतो, मी जाहिराती अडवतो, आणि मग हळूच स्वतःच्या दाखवतो. बाईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "म्हणजे धुतल्या तांदळासारखं कोणीच नाही."

"कोणीच नाही. कोणाला डाग कमी, एवढंच बघायचं."

त्यांनी दुसरा घेतला. वर मेकॅनिककडून अशी सोय करून घेतली, की ब्राउझर बंद केला की आतलं सगळं पुसलं जाईल. पुढच्या मुलीला मागच्या मुलीचं काही दिसणार नाही. तो ब्राउझर जरा हळू होता. मुली कुरकुरल्या, "बाई, तोवर आमचं लग्न होऊन पोरं होतील." पण मग त्यांनाही ते बरं वाटायला लागलं. कोणी नोकरी शोधायची, कोणी आजार, कोणी मनातल्या माणसाचा फोटो. उठताना बंद करायचं आणि म्हणायचं, बंद केलं की गेलं. हळूहळू ते वसतिगृहातलं बोलणंच झालं. माझं वरण करपलं तरी पातेल्यावर झाकण ठेवून म्हणायच्या, "बंद केलं की गेलं, मावशी!" इतकी वर्षं तसंच चाललं, की ब्राउझर म्हणजे विसरणारी वस्तू असाच आमच्या मुलींचा समज झाला. बाहेरच्या जगात ती उलटी असते हे कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मग जिन्याखालची आली.

जिन्याखाली मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली होती. वर चांगली जागा रिकामी असताना तिने ती मागून घेतली, कारण तिला रस्त्याकडे खिडकी नव्हती. नाव होतं तिला, पण ती ते कोणी मोठ्याने घेतलं की दचकायची, म्हणून आम्ही सगळ्या तिला जिन्याखालचीच म्हणायचो. बेकरीत पॅकिंगला जायची. बाईंनी तिला काही म्हणजे काही विचारलं नाही. मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे. बटाटे सोलता सोलता तिने सांगितलं, आणि मी सुरी खाली ठेवली. नवऱ्याने काय काय केलं ते मी इथे सांगणार नाही. तिने ते मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. एवढंच सांगते, की ती निसटली तेव्हा मुलगी शाळेत होती आणि शाळेच्या दाराशी तो उभा होता. मुलगी मागे राहिली. आता वकीलबाई कोर्टातून मुलीचा ताबा मागत होत्या. त्यांनी तिला बजावून सांगितलं होतं, कोर्टाचा हुकूम हातात येईपर्यंत तू कुठे आहेस, काय करतेस, याचा त्याला सुगावा लागता कामा नये. लागला तर तो मुलीला घेऊन गायब होईल.

आम्ही दोघींनी डोळ्यांत तेल घालून तिला सांभाळलं. सुट्टीच्या दिवशी ती वाचनाच्या खोलीत बसायची. काय बघायची ते मला तीच सांगायची, येऊन. शाळा किती वाजता सुटते. समोर बस थांबते का. सात वर्षांच्या मुलीच्या पायाचं माप काय असतं. लाल पट्ट्याचे बूट मिळतात का. मग बंद करायची, दोनदा बघायची आणि माझ्याकडे चहाला यायची.

पुढे बाईंचा भाऊ अंथरुणाला खिळला आणि त्या त्याच्याकडे गेल्या. परत आल्या तर वाचनाच्या खोलीत नवे कोरे कॉम्प्युटर. सेक्रेटरीसाहेबांनी कुठल्यातरी दात्याकडून मिळवलेले. जुने भंगारात, आणि बाईंचा ब्राउझरही भंगारात. सगळीकडे तो वाऱ्यासारखा पळणारा. बाई ऑफिसात गेल्या, मी चहा घेऊन मागोमाग. चहा कोणी मागवला नव्हता.

"साहेब, तो ब्राउझर का काढला?"

"अहो बाई, पाणीपट्टी भरायची साइट त्यात उघडतच नव्हती. आणि एवढा हळू! जगाला चालतं ते तुम्हाला चालत नाही, हे काय खूळ आहे? कोणाला काय लपवायचंय? चांगल्या घरच्या मुली आहेत ना सगळ्या?"

"चांगल्या घरच्या मुलीही न्हाणीघराला कडी लावतात, साहेब."

साहेबांचा चेहरा असा झाला, की मला चहाची किटली हातातच बरी वाटली. मग ते हसले. हा माणूस हसला की समजावं, ह्याने आपल्याला कटवायचं ठरवलं. म्हणाले, "बरं बरं. बंद केल्यावर पुसलं जाईल अशी सोय करून देतो. मग तर झालं?"

त्यांचा माणूस आला, काहीतरी करून गेला. बाईंनी स्वतः तपासलं. काहीबाही शोधलं, बंद केलं, परत उघडलं. पाटी कोरी. पुन्हा केलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर केलं. कोरी. तेव्हा त्यांनी जेवणाच्या खोलीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "मुलींनो, पूर्वीसारखंच आहे. बंद केलं की गेलं." मुलींनी माना डोलावल्या. जिन्याखालची माझ्या शेजारी ताट घेऊन उभी होती. तिने सुटकेचा निःश्वास सोडला, मी ऐकला.

काही दिवसांनी बूट दिसायला लागले.

एक नर्स वाचनाच्या खोलीतून ओरडत आली, "मावशी, इथे कोणाला बाळ-बीळ होतंय का? मी औषधाचं नाव बघतेय तर बाजूला बूट! हवामान बघतेय तर बूट! लाल पट्ट्याचे, एवढे-एवढे!" सगळ्या हसल्या. एकमेकींच्या पोटाकडे बघून चिडवायला लागल्या. मीसुद्धा हसले. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, वाचनाच्या खोलीत गेल्या आणि पडद्यावरच्या त्या बुटांकडे बघत उभ्या राहिल्या. परत आल्या. मला म्हणाल्या, "कॉम्प्युटर विसरलाय, मावशी. मग हे कोणाला आठवतंय?"

जुन्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने एका नजरेत सांगितलं. इथलं सगळं पुसलं जातं, बरोबर आहे. पण वर कोपऱ्यात हा गोल दिसतोय ना, ते वसतिगृहाच्या नावाचं खातं. सेक्रेटरीसाहेबांनी एकच खातं काढून सगळीकडे उघडून ठेवलंय. मुली इथे जे शोधतात ते त्या खात्यात जमा होतं. इथून पुसलं तरी तिथे राहतं. आणि हे खातं ज्याच्याकडे उघडं असेल त्याला ते वर्तमानपत्रासारखं वाचता येतं.

"कोणाकडे उघडं आहे?" बाईंनी विचारलं.

मेकॅनिकने बघितलं. "हे दोन इथले. आणि एक कुठल्यातरी दुकानात."

मी स्वयंपाक तसाच टाकला आणि बाईंबरोबर निघाले. गॅस बंद केला होता की नाही हे मला रस्त्यात आठवेना. दुकानात साहेब गल्ल्यामागे बसले होते, समोर कॉम्प्युटर, शेजारी चहा. आम्हाला बघून खजील होतील असं मला वाटलं होतं. कसलं काय! ते खूश झाले.

"बरं झालं आलात. मी तुम्हाला बोलावणारच होतो. वसतिगृहाचं ईमेलचं टपाल बघायला ते खातं उघडतो ना मी रोज, त्यात हे दिसलं. नवऱ्यापासून वेगळं राहून मुलीचा ताबा कसा मिळवावा! अमुक शाळा किती वाजता सुटते! मला रात्रभर झोप नाही हो. एका घराची राखरांगोळी होतेय आपल्या छपराखाली आणि आपण मूग गिळून बसायचं? मी शाळेला फोन लावला. माझं नाव सांगितल्यावर मुलींच्या बापांचे नंबर शोधायला त्यांना कितीसा वेळ. ज्याची बायको घर सोडून गेलीय असा एकच निघाला. सज्जन माणूस, बाई. फोनवर रडला."

"मारून झालं की तो तिच्यासमोरही रडायचा," मी म्हटलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तिनेच मग त्याला पाणी आणून द्यायचं."

"मावशी, तुम्ही स्वयंपाकाचं बघा." मग बाईंकडे वळून म्हणाले, "रविवारी येतोय तो. समजुतीने घेऊ. मुलीला त्याने त्या शाळेतून काढलंय, गावी आईकडे ठेवलंय. आता ही परत गेली की तिघं एकत्र. पुण्याचं काम आहे."

बाईंनी गल्ल्याच्या काचेवर हात टेकला. म्हणाल्या, "तुम्ही दार न वाजवता तिच्या खोलीत गेलात."

साहेबांना खरंच कळलं नाही. त्यांनी आजूबाजूला बघितलं. "मी? मी कुठे गेलो? मी तर इथे दुकानात बसलो होतो."

हेच मला आजही गिळवत नाही. तो माणूस खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळी ती बेकरीतून आली तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. बाईंनी काही झाकलं नाही, काही लांबवलं नाही. खातं, दुकान, शाळा, नवरा, सगळं सांगितलं. मुलगी आता त्या शाळेत नाही हे शेवटी सांगितलं. मला वाटलं, ती किंचाळेल, भांडी फेकेल. फेकली असती तर मी आणखी चार काढून दिली असती. ती नुसती ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "कुठल्या गावी? त्याच्या आईने घर बदललंय. मला ते गावही माहीत नाही."



ती जिन्याखाली गेली आणि एक पिशवी घेऊन आली. तेवढंच तिचं सामान. बाईंनी पर्समधून होते नव्हते तेवढे पैसे काढून तिच्या हातात कोंबले. तिने ते न बघता घेतले. मागच्या दाराशी थांबली. रागावलेली नव्हती, ते बघवत नव्हतं. म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलं होतं ना, बंद केलं की गेलं."

बाई म्हणाल्या, "हो. मी सांगितलं होतं."

मी विचारलं, "कुठे जातेस गं? निदान मला तरी सांग." मी विचारलं, कारण मी तशीच आहे. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातचं खाल्लं होतं तिने, माझ्या खांद्यावर रडली होती. म्हणाली, "नको, मावशी." आणि गेली.

रविवारी तो आला. सोबत साहेब, हातात फळांची टोपली. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, रस्त्यात भेटला असता तर मी त्याला पत्ता सांगितला असता, इतका साधा. बाई ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इथे अशी कोणी राहत नाही." तो म्हणाला, "लाल पट्ट्याचे बूट तिने घेतले का हो? माप चुकलंय. मुलीचा पाय मोठा आहे." सेक्रेटरीसाहेबांचा ऊर भरून आला. बाप म्हणून किती माया आहे बघा, म्हणाले. माझ्या हातात लाटणं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

पुढच्या बैठकीत समितीने बाईंना काढलं. कारण दिलं, संस्थेची बदनामी आणि कुटुंबं मोडायला हातभार. समितीतल्या एकानेही बाईंची बाजू घेतली नाही. खात्याचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी म्हटलं, तांत्रिक गोष्ट आहे. मुली चार दिवस भडकल्या, मग त्यांनाही कामं होती. मी राहिले. स्वयंपाक कोणाला तरी करावाच लागतो, आणि साहेबांच्या चहात काय कमी घालायचं ते माझ्याइतकं कोणाला जमणार नाही. बूट पुढे कितीतरी दिवस दिसत होते. नंतर नंतर तर खाली मोठ्या अक्षरांत यायचं, आता आणखी स्वस्त.

बाई हल्ली एका खोलीत भाड्याने राहतात. दोन शाळकरी मुलींच्या शिकवण्या घेतात. मी सुट्टीच्या दिवशी जाते. हातात मोबाइल असतो त्यांच्या, तोच तो हळू ब्राउझर त्यात. मागच्या वेळी मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, इतकी वर्षं झाली. एकदा तिचं नाव टाकून बघा ना. कुठे आहे, मुलगी मिळाली का, जिवंत तरी आहे का. तुमच्या त्या दारातून बघा, कोणाला कळणार नाही."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले, एकात एक घट्ट.

"माझाही हाच समज होता, मावशी," त्या म्हणाल्या. "तिचं नाव मी रोज मनात घेते. पण कुठे लिहिणार नाही. ती कोणाला तरी हवी आहे, एवढीसुद्धा खूण कुठे राहायला नको."

मला रडू आलं, आणि रागही आला. राग कोणाचा ते कळेना. मी चहा ठेवायला उठले. त्यांच्या मोरीशेजारच्या ओट्याला दार नाही, नुसता पडदा आहे. तो सारायच्या आधी मी थांबले आणि भिंतीवर बोटाने टकटक केलं.

बाई म्हणाल्या, "या ना, मावशी."